दातवणाची काडी आणि रक्ताची रेघ

ज्या काळी भंडारा जिल्हा मध्यप्रांताच्या दप्तरात मोडत होता आणि दंतवैद्य ही नागपूरसारख्या शहराची चैन होती, त्या काळी चुलबंद व वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकविणाऱ्या लाखांदूरच्या रयतेची दंतधावनाची सारी भिस्त कडूनिंबाच्या वा बाभळीच्या काडीवर असे. टोक चावून काडीचा कुंचला झाला आणि तो फिरविताना थुंकीत रक्ताची रेघ उमटली, की दोष बहुधा काडीच्या जूनपणाला मिळे. वस्तुतः सुश्रुताने दंतमूलांचे रोग सांगताना ‘शीताद’ व्याधीची जी लक्षणे दिली आहेत, म्हणजे अकस्मात रक्तस्राव, दुर्गंधी, हिरड्या काळवंडून मऊ पडणे, त्यांतलेच हे पहिले. पुढे दातांना घासायचा तंबाखूचा गुडाखू आणि प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा यांचा अंमल बसला व मामला बिकट झाला. कारण तंबाखूने रक्त येणेच कमी होऊ शकते, आणि आत हाड झिजत असता हिरडी निर्दोष भासते. 2012 साली महाराष्ट्र राज्याने गुटखा बंद केला खरा, पण पानठेल्यावरचा खर्रा काही हटला नाही. तेव्हा खर्रा खाणाऱ्याने रक्त दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नये, आणि इतरांनी ते दिसताच, दात हलण्याची वाट न पाहता, दंतवैद्य गाठावा.