वेशीच्या आंत आणि बाहेर

"पूर्वीं घराला कुलूप लावीत नसत, तरी सुईसुद्धां जागची हालत नसे," हें वाक्य ज्यानें आपल्या घरांतील वडील माणसांच्या तोंडून कधीं ऐकलें नाहीं असा वाचक विरळाच असेल. ऐकतांना तें गोड वाटतें. परंतु जुनीं कागदपत्रें चाळूं लागलें कीं तो गोडवा कमी होत जातो. पेशव्यांच्या दप्तरांत चोऱ्या, दरोडे, वाटमाऱ्या, खून यांचे उल्लेख जागोजाग आढळतात. गांवाभोंवतीं कुसूं घालण्याचा आणि वेशीस दार बसविण्याचा खर्च लोकांनीं कांहीं हौसेनें केलेला नव्हता. तेव्हां सुईची गोष्ट अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. मात्र तींत एक खरा अंश आहे. चोरी होत नसे असें नव्हे, तर झालेली चोरी कोणाच्या तरी अंगावर येई. 'चौकशी चालू आहे' एवढें सांगून कोणालाही मोकळें होतां येत नसे.

ही व्यवस्था कशी चाले याचें स्पष्ट वर्णन एका परक्या माणसाच्या लेखणींतून उतरलें आहे. पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेंतील नव्या मुलुखाचा कारभार मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्याकडे आला, व १८१९ सालीं त्यानें त्या मुलुखासंबंधीं एक विस्तृत अहवाल वरिष्ठ सरकारास सादर केला. त्यांत गांवच्या राखणदारासंबंधीं जो मजकूर आहे तो मुळांतून वाचण्यासारखा आहे. हा राखणदार कोठें रामोशी असे, कोठें महार, कोठें भिल्ल. रात्रीं जागणें हें त्याच्या कामांतील सोपें काम. गांवांत कोण आलें, कोण गेलें, परका मनुष्य कोणाच्या ओसरीवर उतरला, हें त्यानें ध्यानांत ठेवावें, व संशय आल्यास पाटलास कळवावें. गांवांतील प्रत्येक माणसाची चालचलणूक त्यास ठाऊक असली पाहिजे, अशी अपेक्षा असे. ही अपेक्षा अवास्तव नव्हती, कारण त्याचें वेतन सरकारी खजिन्यांतून येत नसे. घरोघरच्या धान्यांतील ठरलेला वांटा हेंच त्याचें उत्पन्न. वांटा वसूल करण्यासाठीं तो सुगीच्या दिवसांत खळ्याखळ्यावर फिरे, आणि कोणाच्या घरीं किती पिकलें, कोण कर्जांत बुडाला, कोणाचा मुलगा घर सोडून गेला, हें सारें त्यास आपोआप कळे.

चोरी झाली म्हणजे त्याच्या खऱ्या कामास आरंभ होई. चोराच्या पावलांचा माग काढीत तो शिवेपर्यंत जाई. माग शेजारच्या गांवच्या हद्दींत शिरला, आणि तेथील राखणदाराची तशी खात्री पटवून देतां आली, कीं पहिल्या गांवाची जबाबदारी संपली; माग पुढें चालविण्याचें काम आतां दुसऱ्याचें. अशा रीतीनें तो ज्या गांवाशीं येऊन थांबे, त्या गांवानें चोरीचा माल भरून द्यावयाचा. आधीं राखणदारानें आपल्या ऐपतीप्रमाणें द्यावें, व उरलेली रक्कम साऱ्या गांवावर बसवावी.

या रिवाजांतील खुबी वाचकांच्या लक्षांत आलीच असेल. शिवेवर उमटलेलें पाऊल हें नुसतें पाऊल नसून शेजारच्या गांवावर येऊं घातलेलें देणें होतें. त्यामुळें आपल्या गांवांत चोरास आसरा मिळूं नये याविषयीं सावकारापासून कुणब्यापर्यंत प्रत्येकजण सावध राही. हत्यारापेक्षां या सावधपणाची राखण मोठी होती. दोषही तितकाच उघड आहे. ज्यानें कांहीं केलें नाहीं त्याच्या खळ्यावरचें धान्य भरपाईंत जाई, आणि वाऱ्यानें वा पावसानें माग पुसला तर तो कोठें पुसला एवढ्यावर एका गांवाचें नशीब ठरे. भरपाईचा हा नियम प्रत्येक वेळीं पुरतेपणीं अमलांत आणीत नसत, तें बरेंच म्हणावयाचें.

परंतु याहून मोठी विसंगति वेशीपाशींच उभी होती, व तिच्याकडे पाहण्याचें आपल्या वडिलांनीं बहुधा टाळलें. वेशीचें दार रात्रीं बंद करणारा वेसकर हा महार. दार लागलें कीं गांव आंत सुरक्षित. आणि ज्यानें तें लावलें त्याचीं बायकामुलें गांवकुसाबाहेर महारवाड्यांत, उघड्यावर. दरोडा आला तर पहिला घाव तिकडे बसणार. ज्याच्या साक्षीवर शिवेचे तंटे तुटत, ज्याच्या हातीं सरकारी वसुलाची रक्कम विश्वासानें सोंपवीत, त्यास त्याच गांवच्या पाणवठ्यावर पाणी भरण्याची मुभा नव्हती. या राखणीचा मोबदला म्हणून मिळणारी भाकर व वतनाचा जमिनीचा तुकडा हें बक्षीस नसून बेडी आहे, असें डॉ. आंबेडकरांनीं ओळखलें, व १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें. तें वतन प्रत्यक्ष नाहींसें होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला.

रामोशांची गोष्ट आणखी विपरीत झाली. पुरंदर किल्ल्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होती. राज्य बदललें, किल्ल्याचा हक्क गेला, आणि राखण करणारा हात रिकामा झाला. भिवडीचा उमाजी नाईक याच रागांतून उठला, व इंग्रज सरकारनें त्यास १८३२ सालीं पुण्यास फांशीं दिलें. पुढें १८७१ सालीं कित्येक जातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा निघाला, आणि १९११ च्या नव्या कायद्यानें त्याची कक्षा वाढून तो मुंबई इलाख्यांतही लागूं झाला. कालपर्यंत ज्यानें इतरांची हजेरी ठेवली त्यालाच रोज चावडीवर आपली हजेरी द्यावी लागली. या हजेरीचा जाच काय होता हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी अवश्य वाचावी. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. त्यानें डोक्यावर मारलेला शिक्का तितक्या लवकर निघाला असें म्हणवत नाहीं.

आतां शहराकडे वळूं. गांवांत राखणदारास ओळखणारे शंभर डोळे होते. पुण्यासारख्या शहरांत तसें नव्हतें, म्हणून तेथें कोतवाल. बाजारभाव, वजनेंमापें, रस्ते, परगांवाहून आलेल्या माणसांची नोंद, जुगार, रात्रीचा पहारा, अशीं नानाविध कामें त्याच्याकडे असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या लष्करांत विल्यम टोन नांवाचा एक आयरिश अंमलदार होता. (आयर्लंडांतील प्रसिद्ध बंडखोर वुल्फ टोन याचा हा भाऊ.) त्यानें पुण्याच्या बंदोबस्ताची मोठी तारीफ केली आहे. रात्रीं तोफ झाल्यावर जो कोणी रस्त्यांत सांपडेल त्यास पकडून सकाळपर्यंत अडकवून ठेवीत, आणि अवेळीं बाहेर निघाल्यामुळें खुद्द पेशव्यांस एक रात्र अशी काढावी लागली होती, असें तो लिहितो. ती गोष्ट खरी असो वा बाजारगप्प असो, शहरांत ती सांगितली जात होती, एवढें तरी त्यावरून दिसतें.

टोन ज्या बंदोबस्ताची वाखाणणी करतो त्याच बंदोबस्तानें थोड्याच वर्षांपूर्वीं पुण्यास हादरविलें होतें. घाशीराम सावळदास हा १७७७ पासून पुण्याचा कोतवाल. नाना फडणविसांची मर्जी हें त्याचें बळ. दुसऱ्या कोणास जाब देण्याची त्यास गरज भासली नाहीं. १७९१ च्या ऑगस्टांत दक्षिणेसाठीं आलेले कांहीं तेलंगी ब्राह्मण परत जातांना त्याच्या बागेशीं उतरले. तेथें रखवालदारांशीं त्यांची तक्रार झाली, व चोर म्हणून त्यांस एका कोंदट जागेंत डांबण्यांत आलें. ही बातमी ऐकून मानाजी फाकडे यांनीं कुलूप फोडलें, तेव्हां आंत वीसांहून अधिक माणसें गुदमरून मेलेलीं आढळलीं. हजारों ब्राह्मण नानांच्या वाड्यापुढें जमले. अखेर घाशीरामास लोकांच्या हवालीं करण्यांत आलें, आणि ३१ ऑगस्ट रोजीं जमावानें त्यास दगडांनीं ठेंचून मारलें.

विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळें घाशीरामाचें नांव घरोघरीं पोंचलें. पण नाटकांतला घाशीराम वेगळा व दप्तरांतला वेगळा, हें विसरूं नये. प्रस्तुत लेखकास या प्रकरणांत त्याच्या क्रौर्याहून एक दुसरीच गोष्ट अधिक बोंचते. चौदा वर्षें त्याचा अंमल शहरावर होता. त्या चौदा वर्षांत किती गरीबगुरीब त्याच्या चौकीवर अडकले असतील! त्यांच्यासाठीं कुलूप फोडावयास कोणी सरदार आला नाहीं. मेलेले ब्राह्मण नसते तर? हा प्रश्न अप्रिय आहे, पण तो टाळून १७९१ ची हकीकत सांगणें म्हणजे अर्धीच सांगणें होय. आणि जमावानें जें केलें त्यास न्याय म्हणण्यास मन धजत नाहीं. ज्यानें चौदा वर्षें त्यास अभय दिलें तो कारभार दुसऱ्या दिवशीं जसाच्या तसा चालू राहिला.

गांवचा राखणदार काय, शहराचा कोतवाल काय, दोघांचीही नजर बाहेरून येणाऱ्या संकटाकडे. माग शिवेपासून घराच्या दारापर्यंत काढतां येई. उंबऱ्याच्या आंत कोणी काढीत नसे. आंतल्या बाईवर आंतल्याच माणसानें हात टाकला तर ती दाद कोणाकडे मागणार? सरकारच्या लेखीं असें प्रकरण बहुधा 'बदकर्म' म्हणून नोंदलें जाई, त्याचा दंड वसूल होई, आणि दोषी ठरलेल्या स्त्रियांपैकीं कित्येकींस बटीक करून किल्ल्यांवर वा सरकारी कोठींत कामास जुंपीत. जिला संरक्षण हवें तीच आरोपी! पुरुषास दंड भरून घरीं जातां येई. पुढें राज्य बदललें तरी विधवेची स्थिति फारशी पालटली नाहीं. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला, पण घरांतल्याच कोणाच्या वासनेस बळी पडलेल्या विधवेस विहीर, नाहीं तर बालहत्या, हेच दोन मार्ग उरत. आणि दुसरा पत्करल्यास खटला तिच्यावर, त्या पुरुषाचें नांवही निघत नसे.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें, त्याचें महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहिलें म्हणजे कळतें. अशा स्त्रीनें तेथें गुप्तपणें येऊन बाळंत व्हावें, व मूल न्यावें कीं ठेवावें हें तिच्या खुशीवर, असें त्यांनीं जाहीर केलें. तिला कोणी जाब विचारणार नव्हतें. येथें आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनीं दत्तक घेतलें; तो पुढें डॉक्टर झाला.

घराच्या आंतील मारहाण व छळ यांविरुद्ध स्वतंत्र दिवाणी संरक्षण देणारा कायदा आपल्या देशांत २००५ सालीं झाला, व २००६ च्या ऑक्टोबरांत अमलांत आला. त्याप्रमाणें तक्रार करणाऱ्या स्त्रीस मदत करण्यासाठीं सरकारनें संरक्षण अधिकारी नेमावयाचे असतात. घर कोणाच्याही नांवावर असो, कायद्याच्या मार्गावांचून तिला तेथून बाहेर काढतां येत नाहीं.