शुगर आहे, मग भाकरी किती खायची? डॉक्टरांकडे जाण्याआधी हे वाचा

सोलापूर : "साखर बंद केली, चहा बिनसाखरेचा घेतो, तरी शुगर का वाढते?" मधुमेहाच्या अनेक पेशंटला हा प्रश्न पडतो. उत्तर बऱ्याचदा ताटातच असतं. पण ताटात काय आणि किती, हे डॉक्टरांना सांगितलंच नाही तर औषधाचं गणित बसत नाही.

ज्वारी चांगली, पण मोजून

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारी पौष्टिक आहेच. मात्र १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढेच. म्हणजे 'चपाती सोडली, आता भाकरी कितीही' हे खरं नाही. एखादी भाकरी कमी करा आणि मेथी, शेपू, मटकीची उसळ वाढवा. गूळ, काकवी, उसाचा रस ही पण साखरच.

डॉक्टरांना हे सांगा

• तीन दिवसांत काय, किती आणि कधी खाल्लं ते लिहून न्या. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर ताटाचे फोटो काढा.
• रानात कधी जाता, जेवायला उशीर होतो का?
• चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. झाडपाल्याचं औषध घेत असाल तर लपवू नका.

डॉक्टरांना हे विचारा

• गोळी जेवणाआधी की नंतर? जेवण चुकलं तर काय करायचं?
• माझी शुगर किती असावी? साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ च्या आत ठेवतात. वय आणि इतर आजार पाहून हे आकडे बदलतात.
• डोळे, किडनी आणि पायांची तपासणी कधी? वर्षातून एकदा तरी व्हायला हवी.

एकादशी धरता?

साबुदाणा, बटाटा, भगर यांनी शुगर वाढते. उलट काहीच न खाता इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेतल्या तर ती एकदम उतरते. म्हणून वारीला निघण्याआधी आणि उपास धरण्याआधी डॉक्टरांशी बोला.

घाम, थरथर, चक्कर आली आणि शुगर ७० च्या खाली असली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. मशीन नसेल तरी थांबू नका. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, बरं वाटलं की जेवून घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

तिशी ओलांडलेल्यांची शुगर उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आणि व्हॉट्सॲपवरचा मेसेज वाचून चालू गोळी बंद करू नका.