अनुप्रयुक्त भौतिकी शिक्षण, भारतातील

अनुप्रयुक्त भौतिकी शिक्षण, भारतातील : भौतिकीची तत्त्वे यंत्रे, मापन उपकरणे व औद्योगिक प्रक्रिया यांच्या कामी आणण्यासाठी दिले जाणारे उच्च शिक्षण. हा विषय निव्वळ भौतिकी व अभियांत्रिकी यांच्या सीमेवर असल्यामुळे त्यातील एम्.एस्‌सी. पदवी विज्ञानाची की तंत्रविद्येची, हा प्रश्न आरंभापासूनच तिला चिकटलेला आहे. भारतात तो कलकत्ता विद्यापीठात सर्वांत ठळकपणे पुढे आला.

या प्रश्नाची पूर्वपीठिका जर्मनीतील आहे. गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांच्या पुढाकाराने १८९८ मध्ये गटिंगेन येथे अनुप्रयुक्त भौतिकीच्या संवर्धनासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्यात प्राध्यापकांबरोबर कारखानदारही सभासद होते व पैसा मुख्यतः त्यांचाच होता. विद्यापीठांनी तंत्रविद्येत शिरावे, हे अभियंत्यांना मानवले नव्हते. तरीही १९०४ मध्ये लूटव्हिख प्रांट्ल गटिंगेनला आले आणि पुढे वायुगतिकीचे तेथील केंद्र जगप्रसिद्ध झाले.

कलकत्त्यात मात्र पैसा कारखानदारांकडून आला नाही, तो वकिलांकडून आला. सर तारकनाथ पालित (१८३१–१९१४) यांनी १९१२ मध्ये व सर रासबिहारी घोष (१८४५–१९२१) यांनी १९१३ मध्ये विद्यापीठास मोठ्या देणग्या दिल्या; घोष यांची त्या वेळची देणगी दहा लाख रुपयांची होती. (१९०७ च्या सुरत काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून घोष मराठी वाचकास परिचित आहेत. टिळकपक्षीयांचा त्यांच्या निवडीस विरोध होता, हे येथे विसरलेलेच बरे.) या देणग्यांतून निर्माण होणारी अध्यासने भारतीयांनाच द्यावीत, अशी अट होती. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी या बळावर विज्ञान महाविद्यालय उभारले व २७ मार्च १९१४ रोजी त्याची कोनशिला बसविली. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे तरुण अधिव्याख्याते तेथे लवकरच रुजू झाले. १९१७ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन पालित प्राध्यापक झाले [⟶ रामन, सर चंद्रशेखर वेंकट].

घोष यांनी १९१९ मध्ये दुसरी मोठी देणगी दिली, ती अनुप्रयुक्त भौतिकी व अनुप्रयुक्त रसायनशास्त्र यांच्या अध्यासनांसाठी. भौतिकीचे अध्यासन फणींद्रनाथ घोष (१८८४–१९४६) यांच्याकडे आले आणि १९२५ मध्ये स्वतंत्र विभाग सुरू झाला. अशा विभागाचा खर्च वेगळ्या जातीचा असतो. सामान्य प्रयोगशाळेचे काम लोलक, वर्णपटदर्शक व गॅल्व्हानोमीटर यांवर बरेचसे निभावते. येथे जनित्रे, चलित्रे, उष्णता एंजिने, प्रकाशमापनाची व प्रमाणीकरणाची साधने आणि त्यांची देखभाल करणारी कर्मशाळा लागते. शिवाय विद्यार्थ्यास ज्या कारखान्यात जावयाचे, तो कारखानाही लागतो. विद्युत् यंत्रे व सूक्ष्म उपकरणे त्या काळी बहुतांशी परदेशांतून येत असल्याने ती बनविण्याचे ज्ञान घेतलेल्या पदवीधरास देशात फारसे क्षेत्र नव्हते. देणगीदारांनी उद्योगाच्या आधी त्याचे शास्त्रज्ञ घडवू पाहिले, हे त्यांचे धाडस होते आणि विभागाची अडचणही तीच होती.

प्रतिष्ठेचा ओघही निव्वळ भौतिकीकडे होता. १९२८ मधील रामन परिणामाच्या शोधाने तो अधिकच वाढला. खुद्द फणींद्रनाथ घोष यांचे संशोधन रेणूंच्या पट्ट-वर्णपटांविषयी होते. उलट, तंत्रविद्येच्या दृष्टीने सर्वांत फलदायी ठरलेली शाखा भौतिकी विभागातून निघाली. शिशिरकुमार मित्र (१८९०–१९६३) यांनी १९२३ मध्ये खैरा प्राध्यापकपद स्वीकारल्यावर बिनतारी संदेशवहनाचा विषय एम्.एस्‌सी.च्या अभ्यासक्रमात रुजविला व त्यातून १९४९ मध्ये रेडिओ भौतिकी व इलेक्ट्रॉनिकी ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. मुंबईची वाट आणखी निराळी. तेथील विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला, तेव्हा कापड गिरण्यांचा धंदा समोरच उभा होता. त्यामुळे वस्त्ररसायनाच्या पदवीधरास नोकरी शोधण्यास दूर जावे लागले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली, तसा कलकत्त्याचा विभागही त्यांच्या जवळ सरकला. बी.एस्‌सी.नंतरचा तीन वर्षांचा तंत्रविद्येचा अभ्यासक्रम तेथे अनेक दशके चालला. विद्युत् अभियांत्रिकी, उपकरणयोजन व प्रकाशकी हे त्याचे विषय झाले आणि प्रकाशकीचा पुढे वेगळा विभाग झाला. पदवीपत्रावरील शब्द बदलले, तरी विभागाचे अनुप्रयुक्त भौतिकी हे नाव कायम राहिले.