इटालियन क्रियापदांचे अर्थ व काळ : एका नियमव्यवस्थेचा इतिहास

इटालियन भाषेच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्यास प्रथम क्रियापदे चालविण्याची कोष्टके पाठ करावी लागतात. ‘आरे’, ‘एरे’ आणि ‘ईरे’ अशा अन्त्यांचे तीन गण, चार पुरुषवाचक अर्थ, स्वार्थातील आठ काळ आणि प्रत्येक काळाची सहा रूपे अशी ही व्यवस्था असून ती पाहताच कोणा एका व्याकरणकाराने आखून दिलेली असावी असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. या कोष्टकांतील काही रूपे लॅटिनकडून वारशाने आली, काही लोकांच्या बोलण्यात नव्याने घडली आणि काही सोळाव्या शतकातील पंडितांनी ग्रंथांच्या आधारे निवडली. ‘नियमित’ म्हणून जे शिकविले जाते ते कोणाच्या अधिकाराने नियमित ठरले, बोलणाऱ्याच्या की लिहिणाऱ्याच्या, हा प्रश्न इटलीत चार शतकांहून अधिक काळ वादाचा राहिला. त्या वादाचा मागोवा क्रियापदांच्या रूपांतूनच घेता येतो.

लॅटिनमध्ये क्रियापदांचे चार गण होते. त्यांतील दुसरा व तिसरा यांच्यातील भेद मुख्यतः स्वराच्या दीर्घ-ऱ्हस्वत्वावर अवलंबून होता. बोलीभाषेत स्वरांचे हे मान नष्ट झाले तेव्हा दोन्ही गण एकत्र आले आणि त्यांतून इटालियनचा ‘एरे’ हा दुसरा गण सिद्ध झाला. जुन्या भेदाची खूण आज केवळ आघातात उरली आहे. ‘तेमेरे’ (भिणे) या शब्दात आघात उपान्त्य अक्षरावर येतो, तर ‘क्रेदेरे’ (विश्वास ठेवणे) यात तो पहिल्या अक्षरावर पडतो. तिसऱ्या गणात ‘फिनीरे’ (संपविणे) यासारख्या पुष्कळ धातूंना ‘फिनिस्को’ या रूपात दिसणारा मधला ‘इस्क’ जोडला जातो. लॅटिनमध्ये हा आगम क्रियेचा आरंभ दाखवीत असे. इटालियनमध्ये तो अर्थ लोपला आणि आगम तेवढा शिल्लक राहिला. तोही ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्या रूपांत येत नाही, कारण तेथे आघात प्रत्ययावर पडतो.

भविष्यकाळाचा इतिहास याहून उद्बोधक आहे. लॅटिनमधील ‘आमाबित’ (तो प्रेम करील) आणि ‘आमावित’ (त्याने प्रेम केले) ही रूपे, स्वरांमधील ‘ब’ आणि ‘व’ यांचा उच्चार एक झाल्यावर, कानाला सारखीच लागू लागली. ज्या भाषेत भूत आणि भविष्य यांतला भेद ऐकू येत नाही, तिला दुसरा मार्ग शोधावाच लागतो. बोलणाऱ्यांनी तुमन्त रूपापुढे ‘हाबेओ’ (माझ्याजवळ आहे) हे साहाय्यक क्रियापद योजण्यास प्रारंभ केला. ‘आमारे हाबेओ’ म्हणजे ‘मला प्रेम करावयाचे आहे’. कालान्तराने दोन शब्द मिळून एक झाले आणि फ्लॉरेन्सच्या उच्चारात ‘आर’चा ‘एर’ होऊन ‘आमेरो’ हे रूप स्थिर झाले. शेजारच्या सिएनात ‘आर’ टिकून राहिला, यावरून प्रमाण रूपामागे एका विशिष्ट नगराचा उच्चार आहे हे स्पष्ट होते. अशा जोडरूपाचा अत्यंत जुना पुरावा सातव्या शतकातील, फ्रेदेगारच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या इतिवृत्तात ‘दारास’ (तू देशील) या शब्दाने मिळतो.

त्याच साच्यातून एक नवा अर्थही जन्मास आला. तुमन्तापुढे ‘हाबेओ’च्या भूतकालीन रूपाची योजना होऊन ‘आमेरेइ’ (मी प्रेम केले असते, करीन) हा संकेतार्थ तयार झाला. लॅटिनमध्ये यासाठी स्वतंत्र रूप नव्हते. तेराव्या शतकात सिसिलीच्या राजदरबारातील कवींनी ‘इआ’ असा अन्त्य असलेले दुसरे संकेतार्थी रूप वापरले आणि ते काव्यभाषेत दीर्घकाळ वावरले. परंतु प्रमाण गद्यात तस्कनीचेच रूप टिकले. मराठीत ‘तो आला असता तर मी गेलो असतो’ या वाक्याच्या दोन्ही अंगांत क्रियापदाची ठेवण एकच असते. इटालियनमध्ये अटीच्या वाक्यांशात संभावनार्थ येतो आणि फलाच्या वाक्यांशात संकेतार्थ येतो. मराठी अभ्यासकाला या ठिकाणी अडखळावे लागते याचे कारण हेच होय. अटीच्या वाक्यांशातील ‘आमास्सी’ हे रूपही आपल्या मूळ जागी राहिलेले नाही. लॅटिनमध्ये ते पूर्णभूताचे होते. जुने अपूर्णभूताचे संभावनार्थी रूप मागे पडल्यावर त्याची जागा याने घेतली.

वर्तमानकाळाच्या प्रथमपुरुषी अनेकवचनातही असाच स्थलान्तराचा प्रकार आढळतो. ‘आमियामो’ (आम्ही प्रेम करतो) यातील ‘इयामो’ हा प्रत्यय मूळचा संभावनार्थाचा होता. जुन्या तस्कन बोलींत तीन गणांसाठी ‘आमो’, ‘एमो’, ‘इमो’ असे तीन भिन्न प्रत्यय होते. फ्लॉरेन्सच्या बोलीने ‘इयामो’ हा एकच प्रत्यय सर्व गणांना लावला. म्हणजे विद्यार्थ्याला जो प्रत्यय सर्वांत सोपा व नियमित वाटतो, तो इतिहासाच्या दृष्टीने एका नगरातील उसना प्रत्यय आहे.

या रूपांचे शास्त्र रचण्याचा पहिला प्रयत्न पंधराव्या शतकाच्या मध्यास झाला. १४३५ मध्ये फ्लॉरेन्स येथे पोपच्या सचिवमंडळींत लेओनार्दो ब्रूनी आणि फ्लाव्हियो बियोन्दो यांचा वाद झाला. प्राचीन रोमचे सामान्य लोक व्याकरणबद्ध लॅटिन बोलत होते की त्यांची बोली निराळी होती, हा त्या वादाचा विषय होता. लोकभाषेला व्याकरण असूच शकत नाही, असा एक समज त्याच्या मुळाशी होता. वास्तुशास्त्रज्ञ व ग्रंथकार लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४४०च्या सुमारास लिहिलेल्या छोट्या तस्कन व्याकरणाने त्याला उत्तर दिले. आल्बेर्तीने पुस्तकांतील नव्हे, तर आपल्या काळच्या फ्लॉरेन्समधील रूपे नोंदली. ‘हो आमातो’ (मी प्रेम केले आहे) हा संयुक्त काळ जणू आत्ताच घडलेल्या गोष्टीचा भूतकाळ आहे असे त्याने सांगितले. संकेतार्थाविषयी तर हा अर्थ लॅटिन व्याकरणकारांनी नोंदलेला नाही हे ओळखून त्याने त्याला नवे नाव दिले. लॅटिनच्या चौकटीत न बसणारी गोष्ट चौकटीबाहेर ठेवण्याचे धैर्य येथे दिसते. दुर्दैवाने हे व्याकरण त्याच्या हयातीत छापले गेले नाही आणि पुढील वादांवर त्याचा प्रभाव पडला नाही.

छापील व्याकरणांची परंपरा निराळ्या दिशेने गेली. जोव्हान फ्रान्चेस्को फोर्तूनियो याचे व्याकरण १५१६ मध्ये आन्कोना येथे छापले गेले. ते इटालियनचे पहिले मुद्रित व्याकरण होय. त्याने आपले नियम दान्ते, पेत्रार्का आणि बोक्काच्चो यांच्या ग्रंथांतून काढले. १५२५ मध्ये व्हेनिस येथे पिएत्रो बेम्बो याचा भाषाविषयक संवादग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने पद्यासाठी पेत्रार्का आणि गद्यासाठी बोक्काच्चो हे आदर्श निश्चित केले. बेम्बो स्वतः व्हेनिसचा होता. ज्याची मातृभाषा तस्कन नाही त्याला तस्कन बोलीत शुद्ध लिहावयाचे तर जिवंत उच्चारापेक्षा ग्रंथांचाच आधार घ्यावा लागणार. इटली त्या काळी अनेक राज्यांत विभागलेली असल्यामुळे बेम्बोचा पक्ष सर्वांना सारखाच उपयुक्त ठरला. कारण दोन शतकांपूर्वीचे ग्रंथ कोणत्याही एका राज्याच्या सत्तेखाली नव्हते.

या निवडीचा परिणाम एका प्रत्ययात स्पष्ट दिसतो. लॅटिनमधील ‘आमाबाम’ (मी प्रेम करीत असे) या रूपातील अन्त्य ‘म’ लुप्त झाल्यावर ‘आमावा’ एवढे उरले. तृतीय पुरुषाचे रूपही तेच झाले. हा संदिग्धपणा टाळण्यासाठी वर्तमानकाळातील ‘आमो’च्या धर्तीवर फ्लॉरेन्सच्या लोकांनी प्रथम पुरुषासाठी ‘आमावो’ असे म्हणण्यास सुरुवात केली. आल्बेर्तीने हेच रूप नोंदले होते. परंतु बेम्बोने बोक्काच्चोच्या काळातील ‘आमावा’ हेच ग्राह्य धरले. तेव्हापासून सुमारे तीन शतके शिक्षित लेखक एक रूप लिहीत राहिले आणि फ्लॉरेन्सचा नागरिक दुसरे बोलत राहिला.

याच काळात एक फ्लॉरेन्सवासी व्यापारी, फिलिप्पो सास्सेत्ती, हिंदुस्थानात आला. १५८८ मध्ये गोव्यास त्याचा मृत्यू झाला. स्वदेशी पाठविलेल्या पत्रांत त्याने संस्कृत व इटालियन यांतील संख्यावाचके आणि देव, सर्प यांसारख्या शब्दांचे साम्य नोंदून ठेवले. त्याचे निरीक्षण शब्दांपुरते मर्यादित होते. भाषांचे नाते केवळ शब्दांवरून नव्हे तर धातू चालविण्याच्या पद्धतीवरून सिद्ध करावे, हे फ्रान्त्स बोप याने १८१६ मध्ये संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फार्सी व जर्मानिक भाषांची तुलना करून दाखविले. इटालियन प्रत्ययांकडे नियम म्हणून पाहण्याऐवजी इतिहास म्हणून पाहण्याची दृष्टी या शास्त्रामुळे दृढ झाली.

‘आमावो’चा निकाल मात्र एका कादंबरीने लावला. मिलानचा आलेस्सान्द्रो मान्झोनी याने ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ ही कादंबरी १८२७ मध्ये पूर्ण प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी तो फ्लॉरेन्सला गेला. तेथील शिक्षितांच्या बोलण्याशी जुळते करून त्याने संपूर्ण ग्रंथ पुन्हा लिहिला. १८४० ते १८४२ मध्ये निघालेल्या या सुधारित आवृत्तीत अपूर्ण भूतकाळाचा प्रथमपुरुषी ‘आ’ जाऊन ‘ओ’ आला. १८६१ मध्ये राज्य एक झाले, तेव्हा इटालियन बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण तुल्लिओ दे माउरो याच्या अंदाजानुसार शेकडा अडीच होते. इतर विद्वानांनी ते याहून अधिक मानले आहे. १८६८ मध्ये मान्झोनीने शासनास सादर केलेल्या निवेदनात फ्लॉरेन्सच्या बोलीचा पुरस्कार केला. १८७३ मध्ये ग्रात्सियादिओ आस्कोली या भाषाशास्त्रज्ञाने त्यास विरोध केला. राष्ट्रभाषा एका नगराच्या अनुकरणाने नव्हे, तर सर्व देशातील विद्याव्यवहाराच्या विस्ताराने घडते, असे त्याचे प्रतिपादन होते.

दोघांचेही म्हणणे अंशतः खरे ठरले. ‘आमावो’ आज प्रत्येक कोष्टकात आहे आणि ‘आमावा’ प्रथम पुरुषासाठी जुन्या ग्रंथांतच उरले आहे. परंतु इतरत्र बोलींचे प्रादेशिक भेद नाहीसे झालेले नाहीत. ‘आमाइ’ हा साधा भूतकाळ उत्तर इटलीच्या बोलण्यातून जवळजवळ गेला असून तेथे ‘हो आमातो’ हेच रूप सर्व भूतकाळासाठी चालते. तस्कनीत दोहोंतील भेद पाळला जातो आणि सिसिलीत साध्या भूतकाळाचा वापर विपुल आहे. अटीच्या वाक्यांशात संभावनार्थाऐवजी अपूर्ण भूतकाळ योजण्याची प्रवृत्तीही बोलण्यात सर्वत्र दिसते, आणि शाळा तिला दोष मानते.

इटालियन कोष्टकांच्या या इतिहासावरून असे म्हणता येते की, नियमितता हा भाषेचा जन्मजात गुण नसून तिच्या वाटचालीतील एक निष्पत्ती आहे. ‘आमेरो’ उच्चारसाम्याच्या अडचणीतून आले, ‘आमियामो’ शेजारच्या अर्थातून आले आणि ‘आमावो’ लोकांच्या तोंडून निघून तीन शतके ग्रंथांच्या दाराशी थांबले. ग्रंथांनी भाषेला स्थैर्य दिले हे मान्य केलेच पाहिजे, कारण त्यांच्यावाचून विभागलेल्या देशाला समान लेखनभाषा लाभली नसती. मात्र त्या स्थैर्याच्या आत कोणती रूपे जगतील हे शेवटी बोलणाऱ्यांनी ठरविले. ज्यांना मराठीसह कोणत्याही भाषेच्या प्रमाण व्याकरणाचा इतिहास लिहावयाचा आहे, त्यांनी नियमाबरोबर तो नियम होण्यापूर्वीच्या पर्यायी रूपांचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.