पाटी पालथी घाला

दिवाळीत भाची आली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून पुठ्ठ्याची कार्डं काढली आणि एकेक सगळ्यांच्या हातात दिलं. मला वाटलं, आता पत्त्यांचा डाव रंगणार. पण कार्डावर काळ्या चौकोनांची वेडीवाकडी नक्षी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रश्न ऐकायचा, उत्तराची बाजू वर करायची आणि कार्ड धरून बसायचं. तिने मोबाईल आमच्यावरून एकदा फिरवला आणि लगेच सांगितलं, "मामा, तुमचं चुकलं."

प्रश्न सोलापूर जिल्ह्यात तालुके किती हा होता. मी १० म्हणालो. उत्तर आणि दक्षिण सोलापूर एकच धरले! सात रस्त्यावर जन्म गेलेल्या मास्तरची ही अवस्था. असो.

या कार्डांना प्लिकर्स म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या एका गणिताच्या शिक्षकाची ही कल्पना. मुलांकडे ना मोबाईल लागतो ना इंटरनेट, एकट्या बाईंच्या फोनला रेंज मिळाली की भागतं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. हे ऐकलं आणि मला एकदम आमची पाटी आठवली.

आमचे गुरुजी तोंडी हिशेब घालायचे. उत्तर लिहिलं की हुकूम सुटायचा, "पाटी पालथी!" मग कुणी खोडायचं नाही की बघायचं नाही. सगळ्यांचं झालं की, "दाखवा!" चाळीस पाट्या एकदम वर. गुरुजींची नजर एकदा फिरली की कुणाला येतं नि कुणाला नाही हे त्यांना कळलेलं असायचं. पंतोजींच्या काळात धूळपाटी होती, तीही एका परीने हेच काम करायची. भाचीच्या मोबाईलने याहून वेगळं काय केलं? एक मात्र केलं. त्याने ते लिहून ठेवलं. गुरुजींची नजर विसरायची.

मग चार दिवस जालावर बसून वाचत राहिलो. गंमत म्हणजे, तपासणीच्या यंत्रांच्या मागेसुद्धा मास्तरच निघाला. अमेरिकेत मिशिगन राज्यात रेनॉल्ड जॉन्सन नावाचे गृहस्थ हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते हे त्यांना लहानपणापासून ठाऊक, कारण पोरवयात लोकांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीच्या रेघा मारून त्या बंद पाडायचा उद्योग त्यांनी केला होता! पुढे त्याच युक्तीवर त्यांनी उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र केलं. मुलाने पेन्सिलीने खूण करायची, यंत्राने विजेने ती ओळखायची. आयबीएमने ते १९३८ मध्ये बाजारात आणलं. याच जॉन्सन यांच्या हाताखाली १९५६ मध्ये संगणकाची पहिली हार्ड डिस्क तयार झाली. खोडकर पोरांना फार मारू नये ते यासाठी.

काळ्या चौकोनांची दुसरी गोष्ट जपानची. १९९४ मध्ये डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांसाठी क्यूआर कोड केला. 'गो' खेळाच्या पटावरून त्यांना तो सुचला. मोटारींचा हा ठिपका आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात आणला, मोबाईल धरला की कविता ऐकू यायची. २०१७ मध्ये राज्य सरकारने ते सगळ्या इयत्तांसाठी स्वीकारलं. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांत वाटली. त्या रात्री टीव्हीसमोर माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

पण हे सगळं वाचताना मन दुसरीकडेच होतं.

१९८१ साल. माझ्याकडे पाचवीचा वर्ग, ६२ मुलं. पाचवीला पाटी सुटते, वही येते. मी प्रश्न विचारायचो, पुढच्या बाकावरचे आठ-दहा हात वर व्हायचे आणि वर्गाला आलं असं समजून मी पुढे जायचो. मागे एक मुलगी बसायची. घरी तेलुगू, आई विड्या वळणारी. वर्षभरात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला असेल. लेखीतही ती कच्ची, कारण मराठी वाक्यं जुळवताना अडखळायची. निकालपत्रकात मी शेरा लिहिला, 'अभ्यासात मंद'.

पुढच्या जूनमध्ये सहावीला तोच वर्ग मला मिळाला. वह्या यायला उशीर झाला म्हणून आठवडाभर मी पाट्या आणायला सांगितलं. पहिल्याच दिवशी अपूर्णांकांची पाच उदाहरणं घातली. पाट्या वर झाल्या. पाचही बरोबर असणाऱ्या तीनच पाट्या होत्या, त्यांतली एक मागच्या बाकावरची.

तिला पुढे बसवलं, तोंडी हिशेबांना रोज पाट्या चालू ठेवल्या. एवढं केलं. शेरा मात्र तसाच राहिला. वर्ष संपलं होतं, आणि निकालपत्रकात खाडाखोड चालत नसे.

भाचीला विचारलं, तुझा मोबाईल मुलांची उत्तरं किती दिवस ठेवतो? म्हणाली, "आपण पुसेपर्यंत, मामा."