फिल्म गेली, टांगणं राहिलं

आज आपण एका शब्दाच्या मागे जाऊ: 'हँगिंग प्रोटोकॉल'. पूर्वी एक्स-रेच्या फिल्म उजेडाच्या पेटीवर टांगत. जुनी आणि नवी शेजारी-शेजारी. नजर फिरवली की तुलना झाली. 1978 मध्ये कुंडेल, नोडीन आणि कार्मोडी यांनी वाचणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला. फुप्फुसातल्या ज्या गाठी निसटल्या, त्यांतल्या कित्येकींवर नजर थांबली होती. चुकला तो निर्णय. म्हणजे नुसतं स्वच्छ दिसून भागत नाही, लक्षही मोकळं लागतं.

पुढे संगणक आला आणि तीच तुलना क्लिक करकरून मिळवायची वेळ आली. तेव्हा टांगण्याची जुनी रीत पडद्यावर आणली गेली: कोणती प्रतिमा कुठे, हे यंत्रानंच आधी मांडून ठेवायचं. म्हणून आम्ही म्हणतो, यंत्र घडवण्याआधी वाचणाऱ्याशेजारी बसावं.