माळ्यावरचा कॉम्प्युटर, अकरा फ्लॉप्या आणि आजीची गाणी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा मजकूर. बोलताना जसं बोललो, जवळपास तसंच लिहिलंय. मागे कुठे बसचा हॉर्न नाही, एवढाच काय तो फरक.

आजचा विषय जुने कॉम्प्युटर. ते गोळा करणारे, विकत घेणारे, दुरुस्त करून चालते ठेवणारे लोक असतात. बाहेरच्या देशांत हा छंद मोठा आहे. १९७६ साली ॲपलने पहिला कॉम्प्युटर काढला, 'ॲपल-वन'. किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट, आणि जेमतेम दोनशे नग बनले. त्यातला एक २०१४ साली लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला. असं ऐकलं की आपल्याला वाटतं, हे श्रीमंतांचे चोचले. मलाही तसंच वाटायचं, मामाच्या माळ्यावर चढेपर्यंत.

मामा पालीला राहतो. रायगडातली गणपतीची पाली नव्हे हां, आमची भाईंदरची पाली. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उत्तनची बस पकडायची. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी मागे टाकत गेलं की हवेला बोंबलाचा वास यायला लागतो. तिथून पुढे किनाऱ्याला आमचं गाव. नव्वदच्या दशकात मामा घरातच डीटीपीची कामं करायचा. लग्नपत्रिका, मच्छीमार सोसायटीच्या नोटिसा, क्रिकेट स्पर्धेची हँडबिलं. त्यासाठी त्याने १९९५ साली लॅमिंग्टन रोडवरून एक ४८६ जुळवून आणला होता.

गेल्या वर्षी घराची कौलं उतरवायची ठरली आणि माळा रिकामा करायची वेळ आली. भंगारवाला दारात उभा. त्याने कॅबिनेट हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि अडीचशे रुपये सांगितले. मामा म्हणाला, "मॉनिटर घेऊन जा. डबा राहू दे. आईची गाणी आहेत त्यात."

आजीची गाणी! आजीला लग्नातली, हळदीची, पाणी आणायला जातानाची ढीगभर गाणी पाठ होती, आमच्या गावच्या बोलीतली. १९९६च्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, ती बोलत गेली आणि मामा टाइप करत गेला. हे मला माहीतच नव्हतं. आजी २००३ साली गेली. तिच्या आवाजाची एकही कॅसेट घरात नाही.

आता थोडा इतिहास सांगतो, म्हणजे तो डबा माळ्यावर कसा पोचला ते कळेल.

आपल्याकडची ही गोष्ट कुलाब्यातून सुरू होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने स्वतः रचना करून एक कॉम्प्युटर बांधला. १९६० साली तो चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं, 'टिफ्रॅक'. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १२,५०० रेझिस्टर आणि १८ फूट लांबीची पोलादी चौकट. मेमरी किती? ४० बिटांचे २,०४८ शब्द. हिशोब केला तर १० केबी. तुम्ही सकाळी पाठवलेला गुड मॉर्निंगचा फोटो त्यात मावला नसता. पण त्या यंत्रावर खरं वैज्ञानिक गणित झालं. १९६४ साली संस्थेत अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० आला आणि १९६५ साली टिफ्रॅक बंद झाला. अवघी पाच वर्षं!

नंतरचा टप्पा १९७८चा. परकीय भांडवलाच्या नियमांवरून सरकारशी जमलं नाही आणि आयबीएम भारतातून बाहेर पडली. त्यांची यंत्रं मात्र इथेच होती. ती सांभाळणार कोण? ते काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आलं. बघा, 'मेंटेनन्स' हा शब्द थेट कंपनीच्या नावातच! ज्याने बनवलं तो निघून गेला आणि आपण ते चालवत राहिलो. जुन्या यंत्रांचा छंद म्हणजे तरी दुसरं काय असतं?

१९८४च्या नोव्हेंबरात नवं संगणक धोरण आलं आणि आयात सोपी झाली. त्याच सुमारास सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअर स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती काढली, 'डीबी स्पेक्ट्रम'. टीव्हीला जोडायचा, ४८ केबी मेमरी, आणि गेम कॅसेटवरून लोड करायचा. टेपरेकॉर्डर चिरकत राहायचा, घरातले ओरडायचे, आणि शेवटच्या मिनिटाला एरर आली की पुन्हा पहिल्यापासून. आज एखाद्याच्या कपाटात तो सापडला, तर संग्राहक भाव विचारायच्या आधी पत्ता विचारतात.

पुण्यातच १९८८ साली सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ साली विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. परमची गोष्ट शाळेत सांगतात. पण त्याच वर्षांत गावोगावच्या छापखान्यांत जे घडलं ते कोणी सांगत नाही. खिळे गेले आणि कॉम्प्युटर आला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं 'श्रीलिपी', सी-डॅकची भारतीय भाषांची पॅकेजेस, यांवर मराठी धडाधड टाइप व्हायला लागलं. पत्रिका, दिवाळी अंक, जत्रेची पत्रकं, सगळं. मामासारख्या हजारो लोकांनी घरच्या खोलीत बसून हे केलं. त्यांचं नाव कुठल्याच इतिहासात नाही.

आता परत माळ्यावर येऊ.

मी उत्साहाने प्लग शोधायला लागलो, तेवढ्यात फोनवरच्या एका जाणकार मित्राने मला थांबवलं. "लगेच चालू करू नकोस." तुम्हीही हे लक्षात ठेवा. त्या काळच्या मदरबोर्डवर घड्याळासाठी एक छोटी पिंपासारखी बॅटरी सोल्डर केलेली असायची. वर्षं गेली की ती फुटते आणि आतलं रसायन तांब्याच्या रेषा खात जातं. आम्ही झाकण काढलं तर बॅटरीभोवती हिरवं-निळं पसरलेलं. त्यात पालीची खारी हवा! कार्डांच्या पट्ट्यांवर गंज, पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगलेले. बॅटरी कापून काढली, तो भाग व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. पण बोर्ड गेला तो गेलाच.

अकरा फ्लॉप्या होत्या, साडेतीन इंची, प्रत्येकी १.४४ एमबी. सरकपट्टी बाजूला करून पाहिलं तर सात फ्लॉप्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके. बुरशी लागलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर चकतीही खरवडते आणि ड्राइव्हचं हेडही घाण होतं. त्या बाजूला ठेवल्या. उरलेल्या चारांची पूर्ण प्रत एकदाच काढून घेतली. त्यांत निघाल्या लग्नपत्रिका.

गाणी होती हार्डडिस्कवर. कन्व्हर्टर लावून ती आजच्या लॅपटॉपला जोडली. डिस्क कुरकुरली, थांबली, परत फिरली. फाइल दिसली! उघडली, तर पडद्यावर नुसता कचरा. उलटे प्रश्नचिन्ह, डॉलर, फ्रेंच अक्षरं.

घोळ असा आहे. तुमच्या फोनवरची मराठी युनिकोडमध्ये असते. तिथे 'क' म्हणजे 'क', जगात कुठेही. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, आणि कुठल्या जागी काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी म्हणून साठवलीही आधीच जायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. म्हणजे नेमका तो फाँट नसेल, तर मजकूर शाबूत असूनही वाचता येत नाही. वर त्या काळच्या बऱ्याच मराठी सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात लावायचं कुलूप लागायचं, डाँगल. मामाचा डाँगल कधीच हरवलेला.

पण फाँटच्या फाइली त्याच डिस्कवर होत्या. त्या बसवल्या आणि पडद्यावर आजी बोलायला लागली. खरंच सांगतो, मामा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला.

मग तीन महिने आम्ही कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता बनवला आणि गाणी युनिकोडमध्ये आणली. मामाच्या आठवणीप्रमाणे आजीने चाळीसच्या वर गाणी सांगितली होती. आम्हाला मिळाली २६. बाकीची बहुतेक त्या सात फ्लॉप्यांत आहेत. सव्वीसमध्येही काही शब्दांचा अर्थ मामाला येत नाही. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून लिहून घेतोय.

म्हणून या छंदाकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. चालू स्थितीतला जुना फ्लॉपी ड्राइव्ह, जुना फाँट, एखादा डाँगल, या किल्ल्या आहेत. नव्वदच्या दशकातली कितीतरी घरगुती, गावठी मराठी त्यांच्यामागे बंद आहे. भंगारात डबा जातो तेव्हा अडीचशे रुपयांत किल्लीही जाते.

तुमच्या घरी असं काही असेल, तर चार गोष्टी करा. लगेच चालू करू नका. बॅटरी आणि हार्डडिस्क आधी जाणकाराला दाखवा. फ्लॉप्या सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवा. आणि विकायचंच असेल तर डिस्कची प्रत काढून, ती पुसून मगच विका. विकत घेणारे असाल तर समोरच्याला खरी किंमत सांगा. जे अगदीच मेलंय ते अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, रस्त्यावर जाळायला नको.

मामाचा ४८६ आता माझ्याकडे आहे. तो चालत नाही. त्या सात फ्लॉप्याही आहेत, डब्यात, जेलच्या पुड्यांसोबत. बुरशी साफ करून फ्लॉपी वाचणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर नक्की कळवा. मामा बहात्तर वर्षांचा आहे. चाली फक्त त्यालाच येतात, आणि त्या आम्ही दर रविवारी फोनवर रेकॉर्ड करतोय.

भेटू पुढच्या भागात. तोवर माळा साफ करा, पण जरा बघून!